सात रविवारांचा आठवडा

जगदाळ्यांच्या खोलीत एक लोखंडी कपाट होतं आणि त्याच्या खालच्या दोन कप्प्यांत अंगाच्या साबणाच्या वड्या विटांसारख्या रचून ठेवलेल्या होत्या. त्यांतली एकही वडी ते वापरत नसत. त्या निवृत्तीनंतरच्या. वरच्या कप्प्यांत नवेकोरे बनियन, दोन छत्र्या, रबरी चपलांचे जोड, दाढीचे ब्रश आणि चष्म्याची एक रिकामी फ्रेम. काचा तेव्हाचा नंबर बघून टाकायच्या. आज ना उद्या हे सगळं लागणारच आहे, तर भाव वाढायच्या आत घेऊन ठेवावं, असा त्यामागचा विचार होता.

एकदा त्यांनी मला कौतुकानं चपला दाखवायला काढल्या. पडून पडून रबर वाळलं होतं. एका जोडाचा अंगठा हात लावताक्षणी तुटून त्यांच्या बोटांत आला. मला हसू आवरेना. जगदाळ्यांनी तो अंगठा उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाले, "जोड गेला खरा ताई, पण जुन्या भावात गेला."

जगदाळे आमच्या गच्चीवरच्या खोलीत भाड्यानं राहायचे. साताऱ्याच्या एमआयडीसीत ज्या कारखान्यात मी पगार विभागात आहे, तिथेच ते मेंटेनन्सचे फोरमन. म्हणजे घरी ते माझ्या सासूबाईंचे भाडेकरू आणि कारखान्यात माझे सहकारी. दोन्हीकडून माझ्या वाट्याला एकच विषय यायचा. पन्नासाव्या वर्षी काम बंद करून घरी बसायचं. आमच्या कारखान्यात अठ्ठावन्नापर्यंत नोकरी असते आणि लोक साठीपर्यंत वाढवून मिळावी म्हणून साहेबांच्या मागे लागतात. हा एकच माणूस उलट्या दिशेनं निघाला होता.

"महागाई धरून" हे त्यांचे आवडते दोन शब्द. कुठल्याही वाक्यात ते बसवायचे. एका दसऱ्याला सासूबाईंना सोनं द्यायला खाली आले, वाकून नमस्कार केला. सासूबाईंनी तोंडभर आशीर्वाद दिला, "शंभर वर्षांचे व्हा." जगदाळे अर्धवट वाकलेलेच थांबले.

"आक्का, तेवढं नगं," ते म्हणाले. "माझा हिशोब पंच्याऐंशीपातूरच हाय."

"आणि पुढे?"

"पुढचं महागाई धरून बसत न्हाई."

सासूबाईंना आशीर्वाद परत घ्यायची सवय नव्हती. पण समोरचा माणूस इतका काकुळतीला आलेला पाहून त्यांनी पंधरा वर्षं कमी करून दिली. जगदाळे समाधानानं आपट्याची पानं खिशात घालून जिने चढून गेले.

आमच्या विभागातल्या एकानं हप्त्यांवर गाडी घेतली. सगळे पेढे खाऊन अभिनंदन करत होते. जगदाळे गाडीभोवती एक चक्कर मारून आले, बॉनेटवर हात ठेवला आणि समाचाराला आल्यासारख्या आवाजात म्हणाले, "ह्यात तुमची चार वर्षं गेली की ओ." त्या बिचाऱ्याला पेढा गिळवेना. मनात काही वाकडं नव्हतं. त्यांना खरंच वाईट वाटलं होतं.

स्वतः ते कारखान्यात चालत जायचे. संध्याकाळी एक कुकर लावायचे, त्यात खिचडी. बदल हवा असेल त्या दिवशी सोबत लोणचं. कोथिंबिरीच्या जुडीवरून घासाघीस करताना मी त्यांना पाहिलंय. भाजीवाली शेवटी वैतागून जुडी फुकट देऊ लागली, तर तेही घेईनात. फुकटचं हिशोबात कुठं दाखवायचं, हा प्रश्न.

ही निवृत्तीची हौस आली कुठून, याबद्दल आमचा सगळ्यांचा एक पक्का समज होता. जगदाळ्यांचं गाव कोरेगावच्या बाजूचं. घराघरात फौजी. त्यांच्या बरोबरीची पोरं भरतीत लागली, ह्यांना तळपाय सपाट म्हणून परत पाठवलं. ती पोरं चाळिशीच्या आत पेन्शन घेऊन गावी परतली, कँटीनच्या पिशव्या घेऊन फिरू लागली, आणि हे अजून मशिनींना तेल घालतायत. तेव्हा हा सगळा त्या हुकलेल्या भरतीचा सूड, असं आम्ही धरून चाललो होतो. त्यांचे थोरले भाऊ, निवृत्त हवालदार, एकदा खोलीवर आले होते. मी चहा घेऊन वर गेले तर त्यांचं चाललं होतं, "येड्या, म्या घरी बसलो तवा सा महिन्यांत जीव नकोसा झाला. म्हणून तर पुण्यात गार्डची नोकरी धरली. तू कशापायी हातची सोडतोस रं?"

"मला करमंल," जगदाळे म्हणाले.

"करणार काय पर तू?"

"घरी राहणार."

हवालदारांनी माझ्याकडे पाहिलं आणि कपाळावर हात मारला. मीही हसले. त्या 'घरी'चा अर्थ मला तेव्हा नीटसा कळला नव्हता, हे आता लिहिताना लक्षात येतं.

कारण जगदाळ्यांचं घर साताऱ्यात नव्हतंच. ते होतं मिरजेला. त्यांची बायको सुनंदा तिथल्या एका मोठ्या हॉस्पिटलमध्ये नर्स. लग्न झालं तेव्हा दोघांच्याही नोकऱ्या पक्क्या होत्या आणि दोघांनाही वाटलं, वर्षा-दोन वर्षांत कुणीतरी एक बदली करून घेईल. बदली कुणाचीच झाली नाही. तिच्या हॉस्पिटलची साताऱ्यात शाखा नव्हती, ह्यांच्या कारखान्याची मिरजेत. त्यातच मुलगी झाली, ती आईजवळ वाढली, मिरजेत शिकली आणि दोन वर्षांपूर्वी इंजिनिअरिंगला पुण्याला गेली. जगदाळे बावीस वर्षं दर शनिवारी संध्याकाळी मिरजेला जात होते आणि सोमवारी पहाटेच्या गाडीनं परत येत होते.

शनिवारचे जगदाळे हा निराळाच माणूस. सकाळी इस्त्रीचा शर्ट. दुपारी पाळी सुटली की मिठाईच्या दुकानात. तिथे कंदी पेढे तोलून घ्यायचे आणि भाव विचारायचा नाही. मी मागे उभी राहून हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय. कोथिंबिरीला रडणारा माणूस पेढ्यांची नोट काढून देतो आणि सुटे मोजूनही घेत नाही. मी म्हटलं, "काय जगदाळे, महागाई धरली नाही आज?" ते लाजले. "घरचं हाय, ताई," एवढंच म्हणाले.

सोमवारी ते स्टेशनवरून सरळ कारखान्यात यायचे. पिशवीत सगळ्यांसाठी भडंग. जेवणाच्या सुट्टीत ते भडंग खात आम्ही रविवारची हकिगत ऐकायचो. काल मटण केलं होतं. मग दुपारी पाहुणे आले, तिच्या माहेरची माणसं, लय हशा झाला. संध्याकाळी रिक्षानं कृष्णाघाटावर गेलो. तिनं मोगऱ्याचा गजरा घातला होता. येताना आईस्क्रीम. दर सोमवारी हेच, थोडाफार फरक करून, आणि दर सोमवारी सांगताना त्यांचा चेहरा पहिल्यांदाच सांगत असल्यासारखा. आमच्या विभागात मिरज म्हणजे स्वर्ग असा समज पसरला होता. एकीनं तर नवऱ्याला तिकडे बदली बघायला सांगितलं.

आणि मग पन्नाशी आली. आली तशी गेली. जगदाळे घरी बसले नाहीत.

हिशोब बसत नव्हता. खाजगी कारखाना, पेन्शन म्हणजे नावाला. जे काही ते साठलेल्या पैशांवर. जगदाळ्यांनी वीस वर्षं पोटाला चिमटे काढून साठवलं होतं, मुलीच्या शिक्षणाचं वेगळं काढून ठेवलं होतं, एसआयपी होती, ठेवी होत्या. जेवणाच्या सुट्टीत ते माझ्या संगणकावर बसायचे आणि मी त्यांना सूत्रं घालून द्यायचे. एका बाजूला शिल्लक, दुसऱ्या बाजूला पुढच्या आयुष्याचा खर्च. खर्चाच्या बाजूला 'मिरज' अशी एकच ओळ. तिचा आकडा ते खोलीवरून तयार करून आणायचे आणि तो आकडा घातला की खालची बेरीज लाल व्हायची.

"मिरजेचा खर्च जरा जास्त नाही का वाटत?" मी एकदा विचारलं.

"घरचा खर्च हाय, ताई. त्यात काटछाट न्हाई करायची."

मग काटछाट कुठे करायची? स्वतःत. पहिल्यांदा त्यांनी स्वतःचं दातांचं काम काढून टाकलं. मग दोन वर्षांनी करायचा चष्मा पाच वर्षांनी केला. तरीही लालच. मग एके दिवशी त्यांनी कपाळाला आठ्या घालून बराच वेळ पडद्याकडे बघितलं आणि म्हणाले, "ताई, माझं पंच्याऐंशीचं ऐंशी करून बघा."

मी ऐंशी केलं. लाल.

"अठ्ठ्याहत्तर?"

"अहो जगदाळे, असं काय करताय?"

"करून बघा, ताई. नुसतं बघायचंय."

मी अठ्ठ्याहत्तर केलं. थोडक्यात हुकलं. मी चेष्टेनं म्हटलं की आता वहिनींची वर्षं कमी करू या का. ते एकदम ताठ बसले. "तिचं नव्वदच राहू द्या," म्हणाले, आणि त्या संगणकात मी परस्पर काही करीन की काय अशा संशयानं माझ्या हाताकडे बघत राहिले.

पन्नासाचं त्रेपन्न झालं, त्रेपन्नाचं पंचावन्न. त्या दिवसांत ते फार गप्प असत. सोमवारी भडंग येत होतं, पण हकिगत आखडती होऊ लागली. एकदा पायऱ्या चढता चढता थांबले आणि मला म्हणाले, "पंचावन्न म्हंजे अजून तीन वर्षं. पोरगी होती तवा घरात निदान दोघी हुत्या." मग उरलेल्या पायऱ्या चढून गेले. मला त्यांची कीव आली आणि थोडा रागही. एवढं मटण खाल्लं नाही तर काय बिघडतं, असं मनात आलं.

त्यानंतर काही दिवसांनी माझ्या सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं. आमच्याकडे मोठं दुखणं म्हटलं की माणसं मिरजेचा रस्ता धरतात. जगदाळे आदल्या शुक्रवारी रात्री खाली आले, सासूबाईंना म्हणाले, "आक्का, तिथं सुनंदा हाय. काय लागलं तर हक्कानं सांगा." आणि जगदाळ्यांचा स्वर्ग बघायला मिळणार म्हणून मला ऑपरेशनपेक्षा त्याचीच उत्सुकता जास्त.

सुनंदा म्हणजे ठेंगणी, चटपटीत बाई. आमच्या सासूबाईंनी आयुष्यात कुणाचं ऐकलं नाही, पण सुनंदानं "आजी, पाय उचला बघू" म्हटलं की पाय वर. सोमवारी आम्ही दाखल झालो त्या रात्री सुनंदा होती. मंगळवारी रात्री सुनंदा. बुधवारी रात्रीही तीच. मी विचारलं, "तुम्हाला दिवसपाळी नसते का हो?"

"असते की," ती गोळ्या मोजत म्हणाली. "मी बदलून घेते. रविवार सगळ्यांनाच पाहिजे असतो, ओ ताई. मी ह्या पोरींच्या रात्री घेते, त्या मला माझा रविवार देतात."

"कधीपासून?"

"लग्नापासून."

मी विचारलं, "जगदाळ्यांना माहीत आहे?"

"एक दिवस येतात. त्यात हे कशाला सांगत बसायचं?" असं म्हणून ती पुढच्या खाटेकडे गेली.

गुरुवारी सकाळी पाळी संपल्यावर ती मला आंघोळीला घरी घेऊन गेली. घर दोन खोल्यांचं, लखलखीत आणि गप्प. मी आंघोळ करून बाहेर आले तर ती ओट्यापाशी उभी राहून वाटीतून दहीभात खात होती. माझ्यासाठी पोहे केले होते, पाटावर मांडून ठेवले होते. मटणाचं मोठं पातेलं वरच्या फळीवर पालथं होतं.

"तुम्ही पण बसा की," मी म्हटलं.

"बसले की तिथंच झोप लागते, ताई. मग दुपारी मान धरते."

दिवसा झोपणं म्हणजे सगळ्या गल्लीशी भांडण, असं ती सांगत होती. डोळा लागला की भंगारवाल्याचा भोंगा. तो गेला की कुरिअर. कुरिअर गेला की शेजारची कुणीतरी वाटीभर साखर मागायला. मुलगी होती तेव्हा दाराशी तीच उठायची, "आई झोपलीय" म्हणून लोकांना परतवायची. आता बेल वाजली की सुनंदालाच उठावं लागतं, आणि एकदा उठलं की परत झोप नाही. हे ती तक्रार म्हणून सांगत नव्हती. पोह्यांवर कोथिंबीर घालता घालता सांगत होती.

मग तिनं विचारलं, "ह्यांचं घरी बसायचं कवा जमणार हो? तुमच्याजवळच बसून करतात म्हणे सगळं."

"हिशोब बसत नाही म्हणतात."

"असं कसं?" तिनं वाटी विसळली. "माझ्या पगारात माझं भागून उरतंय. दोघांना लागतंय तरी किती?"

सासूबाईंना घरी आणून सोडल्यावर दुसऱ्याच दिवशी मी जेवणाच्या सुट्टीत जगदाळ्यांना गाठलं आणि म्हटलं, मिरजेच्या त्या एका ओळीत काय काय आहे ते मला बघायचंय. ते आढेवेढे घेऊ लागले. घरचं आहे, ताई, कशाला, वगैरे. शेवटी मोबाइल काढून पुढे केला.

मी वाचायला लागले. मटण, रोज अर्धा किलो. मोगऱ्याचा गजरा, रोज एक. रिक्षा, घाटावर जाऊन येऊन, रोज. आईस्क्रीम, रोज दोन. पाहुणे, रोज चार माणसं धरून. वर महागाई.

मला इतकं हसू आलं की डब्याचं झाकण खाली पडलं. "अहो, रोज मटण कोण खातं?"

जगदाळे हसले नाहीत. "आमच्या घरात असतं," ते म्हणाले. "ताई, मी अंदाजपंचे काय लिहिलेलं न्हाई. मशीन कॅटलॉगात बघून कळत न्हाई, चालू असताना बघावं लागतं. बावीस वर्षं बघून लिहिलंय."

आणि तेव्हा माझं हसू थांबलं. हा माणूस खोटं बोलत नव्हता आणि उधळपट्टीही करत नव्हता. त्याचं घर त्यानं जसं पाहिलं तसं लिहिलं होतं आणि त्याला सातांनी गुणलं होतं. आपली बायको मंगळवारी काय खाते, हे त्याला ठाऊकच नव्हतं.

मी मोबाइल त्यांना परत दिला. मग विचारलं, "जगदाळे, तुमच्या त्या मोठ्या कॉम्प्रेसरचं रीडिंग तुम्ही कुठल्या पाळीला घेता?"

"तिन्ही पाळ्यांना. एका पाळीवरनं काय कळणार?"

एवढं म्हणून ते थांबले. हातातला घास तसाच राहिला. मी मुद्दाम दुसरीकडे बघितलं. थोड्या वेळानं त्यांनी डबा बंद केला, मोबाइल खिशात टाकला आणि खाली मशीनघरात निघून गेले.

दोन दिवसांनी त्यांचा रजेचा अर्ज आला. मंगळवारची रजा. ह्या माणसानं कित्येक वर्षांत रजा घेतली नव्हती, कारण न घेतलेल्या रजेचे शेवटी पैसे मिळतात आणि तेही हिशोबात धरलेले होते. साहेबांनी सही करण्यापूर्वी मला बोलावून घेतलं आणि हळूच विचारलं, "जगदाळ्यांकडे कोण गेलं?" मी म्हटलं, कुणी नाही, सगळे ठीक आहेत. त्यांचा विश्वास बसलेला दिसला नाही.

बुधवारी सकाळी जगदाळे आले ते भडंगाशिवाय. माझ्या टेबलासमोर खुर्ची ओढून बसले. बराच वेळ टेबलावरचा पेपरवेट फिरवत होते.

"सकाळी कुलूप काढून घरात बसलो हुतो," ते म्हणाले. "ती ड्युटीवरनं आली. मला बघितलं आणि दारातच मटकन खाली बसली. म्हणाली, कोण गेलं?"

मी समोरची फाइल मिटली.

"मंगळवारी नवरा घरी आला म्हंजे कोणतरी मेलं असंल, असं वाटलं तिला. मी म्हटलं, कोण न्हाई गं, असाच आलोय. तर रडायला लागली. आन् मग रडत रडतच झोपली. एवढी दमली हुती." त्यांनी पेपरवेट खाली ठेवला. "लय वेळ झोपली, ताई. भंगारवाला आला, त्याला कोपऱ्यावरनंच वाटंला लावला. बेलचा खटका बंद करून दारात खुर्ची टाकून बसलो. चारला उठली. म्हणाली, आज कसं काय कोण आलं न्हाई? मी म्हटलं, सात जण आले."

त्या दुपारी आम्ही दोघांनी मिरजेची ओळ नव्यानं लिहिली. दूध, दही, तांदूळ, ज्वारी, भाजी. मटण आठवड्यातून एकदा. गजरा मात्र त्यांनी रोजचाच ठेवला, तो काढू दिला नाही. बेरीज केली. काळी आली, आणि काळी म्हणजे भरपूर काळी. मी आनंदानं म्हटलं, "बसलं की हो. हे तर तुमच्या पन्नाशीलाच बसत होतं."

हे मी बोलायला नको होतं. जगदाळ्यांचा चेहरा पडला. पोरगी पुण्याला गेल्यापासूनची दोन वर्षं ते मनात मोजत असावेत. खिडकीतून बाहेर अजिंक्यताऱ्याकडे बघत बसले. मला स्वतःचाच राग आला. शेवटी त्यांनीच मान वळवली आणि म्हणाले, "ताई, एवढं उरतंय तर माझं अठ्ठ्याहत्तरचं परत पंच्याऐंशी करा."

मी नव्वद केलं. तरीही काळीच राहिली. त्यांनी पाहिलं आणि ते बदला म्हणाले नाहीत.

जगदाळ्यांनी राजीनामा दिला आणि नोटिशीचा महिना संपला. निरोपाच्या कार्यक्रमात साहेबांनी भाषण केलं, इतक्या लवकर निवृत्त होऊन जगदाळे आता देशभर हिंडणार असतील, असं काहीतरी. जगदाळे मान खाली घालून ऐकत होते. दुसऱ्या दिवशी टेम्पो आला. कपाट उतरवताना साबणाच्या वड्या जिन्यावर सांडल्या, त्या सासूबाईंनी काठी टेकत एकेक वेचून दिल्या. खोली रिकामी झाली. सासूबाई दोन दिवस कुणाशी धड बोलल्या नाहीत, मग नवा भाडेकरू नको म्हणाल्या.

जगदाळ्यांच्या शेवटच्या हिशोबाची रक्कम निघायला पंधरा-वीस दिवस लागले. ग्रॅच्युइटी, आणि एक दिवस वजा जाऊन उरलेल्या सगळ्या रजांचे पैसे. आकडा त्यांच्या अंदाजापेक्षा बराच चांगला आला होता. त्यांना कधी एकदा सांगते असं मला झालं होतं. सकाळी दहाच्या सुमारास मी ऑफिसातूनच फोन लावला. पहिली रिंग पुरती व्हायच्या आत उचलला गेला.

"जगदाळे, ऐका," मी मोठ्यानं म्हटलं, "तुमचे पैसे निघाले. किती आले सांगू?"

पलीकडून आधी दार हळूच लोटल्याचा आवाज आला. मग जगदाळे बोलले, अगदी खालच्या आवाजात.

"नंतर, ताई. आत्ताच डोळा लागलाय तिचा."

मीही तितक्याच हळू "बरं" म्हटलं आणि फोन आवाज न करता खाली ठेवला.